धुऱ्याचे इंग्रजी कोण शिकवणार?

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मराठीत उपलब्ध होत असल्याची बातमी वाचून आनंद झाला. पण खेड्यातल्या पक्षकाराला उलट दिशेच्या भाषांतराचीही तेवढीच गरज आहे. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 मुळे उच्च न्यायालयाची भाषा मात्र इंग्रजीच आहे. म्हणजे आमच्या दर्यापूरचा दावा अपिलात नागपूर खंडपीठाकडे गेला की साक्षी, फेरफार, पंचनामे सारे इंग्रजीत न्यावे लागते. हे काम बहुधा ज्याला इंग्रजी टायपिंग येते त्याच्याकडे जाते. एका साक्षीत ‘त्याने धुरा फोडला’ असे होते. भाषांतरात धुऱ्याची ‘जबाबदारी’ झाली! वऱ्हाडात धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि सगळा वाद त्या बांधाचाच होता. चूक वेळीच दिसली म्हणून निभावले.

भाषांतर करणाऱ्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला हे कुणी शिकवलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ‘सुवास’ हे संगणकीय भाषांतराचे साधन आणले, तरी तपासायला जाणता माणूस लागतोच. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथे विधी अनुवादाचा वर्षभराचा अभ्यासक्रम काढावा, शनिवार-रविवारी वर्ग घ्यावेत आणि वकिलांबरोबर जुन्या तलाठ्यांनाही शिकवायला बोलवावे. पांदण (शेताकडे जाणारी वाट), धुरा, बटई (वाट्याने केलेली शेती) हे शब्द त्यांच्याइतके कुणाला कळतात?

– एक वकील, दर्यापूर (जि. अमरावती)