बोअरच्या खोलीचे आणि केसिंगचे जादा पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, बोअरवेल विभाग

महोदय,

आपल्या गाडीने गेल्या आठवड्यात आमच्या अंगणात साडेसहा इंची बोअर मारला. बिल 78,400 रुपये: 520 फूट खोदाईचे 50,400 आणि 80 फूट केसिंगचे (वरची माती ढासळू नये म्हणून घालायच्या पाइपचे) 28,000. गाडी हलायच्या आत सगळी रक्कम रोख घेतली, पावती मात्र साध्या कागदावर.

पहिल्या 300 फुटांना फुटामागे 90 रुपये, पुढे दर शंभर फुटांना 10 रुपये वाढ, हे ठरलेलेच होते. तक्रार दराची नाही, फुटांची आहे. आपला खोदाईचा रॉड 20 फुटी. वडील ओट्यावर बसून रॉडागणिक खडूने रेघ मारत होते. रेघा झाल्या 22, म्हणजे 440 फूट. गाळ बसला असेल, असे आपले सुपरवायझर म्हणतात. गाळाने रॉड कसे कमी होतील? केसिंगचे 20 फुटी चार पाइप उतरवले, बोअरमध्ये दोनच गेले, कारण मुरूम 35 फुटांवर संपून पक्का दगड लागला होता. उरलेले दोन गाडीवर परत चढवतानाचा फोटो माझ्याकडे आहे.

याहून जिव्हारी लागले ते वेगळेच. 210 फुटांवर मांजऱ्या दगडात, म्हणजे मऊ सच्छिद्र खडकात, चांगले पाणी लागले. साठ्यापुरते 250 पर्यंत जा आणि थांबा, असे आम्ही स्पष्ट सांगितले. "खाली मोठा झरा आहे" म्हणत चालकाने खोदाई चालूच ठेवली. पुढे तळापर्यंत नुसता काळा पाषाण, नवे पाणी नाहीच. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी असते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. फार खोलवरचे पाणी उपसले तर ते लवकर भरून येत नाही. शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने मनाई केली आहे. आमचा बोअर घरगुती, पण खडक तोच. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात बोअरवाल्यांनीच असे वागावे, याचा मला संताप येतो.

न खोदलेल्या 80 फुटांचे 9,000, न घातलेल्या केसिंगचे 14,000 आणि नको सांगूनही खोदलेल्या 190 फुटांचे 18,900, असे एकूण 41,900 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. सोबत जीएसटी क्रमांकाचे रीतसर बिल आणि यंत्राच्या नोंदणीची प्रत द्यावी. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला ग्राहक,
औसा रोड परिसर, लातूर