विषय : सामाईक बागेतील जास्वंद उपटून तेथे एक्झोरा लावल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, जळगाव

महोदय,

सचिवांकडे दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर मात्र एकाचेही नाही. म्हणून थेट आपणास लिहीत आहे. मला वाद घालायचा नाही. तो माझा स्वभावच नाही, हे अख्खी ब विंग जाणते.

तळमजल्यावरचे अप्पा स्वतःला बागप्रमुख म्हणवतात. हे पद आपल्या उपविधीत मला कुठे सापडले नाही. भर मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, त्यांनी गेटजवळची गावठी लाल जास्वंद बुंध्यापर्यंत छाटायला लावली. जन्म खान्देशात गेलेल्या माणसाने हे करावे! उघड्या फांद्या उन्हाने करपल्या, उरल्यासुरल्यांवर पिठ्या ढेकूण आला, मग "रोगट आहे" म्हणून ती मुळासकट काढली. शेजारची डबल तगरही त्याच दिवशी गेली. तिला तर काहीच झाले नव्हते. वृक्ष संरक्षणाचा १९७५ चा कायदा झुडपांना लागतो की नाही, या काथ्याकुटात मी शिरत नाही. पण कायदा आहे, एवढे समितीने ध्यानात ठेवावे.

त्या जागी आला एक्झोरा, आणि जोडीला अनंत. नर्सरीत लाल झुपके लगडलेले होते, दिसायला छान, मान्य. पण ही दोन्ही आंबट मातीतली झाडे, कोकणात डोळे मिटून लावावीत. आपली माती काळी, चुनखडीची, वर बोअरचे जड पाणी. पिशवीतल्या मातीचा जोर ओसरला आणि कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोहाची कमतरता. केळीवाला कोणीही शेतकरी हिराकस (लोहाचा क्षार) टाका म्हणून सांगेल. अप्पांनी काय केले? रोज पाइप सोडून ठेवला. ठिबक सिंचनाच्या गावात पाइप! काळ्या मातीत पाणी तुंबले की मुळे आणखीच गुदमरतात.

उन्हाला टिकणारे हवे होते तर बोगनवेल होती, पाण्याचा ताण बसला की उलट जास्त फुलते. पिवळा टेकोमा होता, शंकासूर होता. त्याऐवजी झोपाळ्याला लागून कण्हेर लावली. कण्हेर चिवट, हायवेच्या दुभाजकात शोभते. पण तिचे पान, फूल, चीक सगळे विषारी. आपल्याकडची पोरे पाने तोडून भातुकलीत भाजी करतात. हे मी तोंडी सांगितले, तेव्हा "काही होत नाही हो" असे उत्तर मिळाले.

गेल्या हिवाळ्यात भरिताची वांगी भाजायला तुराट्या याच बागेत पेटवल्या, तेही मोगऱ्याच्या अंगाशी. तेव्हाही मी गप्प बसलो. (भरीत चांगले झाले होते, तो मुद्दा वेगळा.) त्याआधी सोसायटीच्या नळीने त्यांची मोटारसायकल धुतली जायची, तेव्हाही बोललो नाही. यंदा गणपतीत मात्र लाल फुलासाठी आमच्या घरून पहाटे बाजार गाठावा लागला.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, समोरचे सर, झाडून सगळे माझ्याच मताचे आहेत. सहीचे नाव काढले की "संबंध बिघडतात" म्हणतात, म्हणून खाली माझी एकट्याची सही आहे.

माझे मागणे फार नाही. कण्हेर झोपाळ्याजवळून याच आठवड्यात हलवावी. गेटजवळ पुन्हा गावठी जास्वंद आणि तगर लावावी. जून फांद्या मी माझ्या गॅलरीतल्या कुंडीतून देईन, खर्च शून्य. एक्झोऱ्याची बिले वार्षिक सभेपुढे ठेवावीत; ही सभा सहकार कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि अजून सूचना निघालेली नाही. अप्पांना एक्झोऱ्याची हौस असेल तर त्यांनी तो स्वतःच्या बाल्कनीत, स्वतःच्या पाण्यावर, खुशाल वाढवावा.

पोच द्यावी.

आपला विश्वासू,
सभासद, ब विंग

प्रत : सूचना फलक (काढल्यास दुसरी तयार आहे)