गिरणीतला एक साचा (यंत्र) मुलांना पाहायला मिळावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा सातवीतला नातू शोध आणि शोधक यांच्या जोड्या पाठ करत होता. ‘वाफेचे इंजिन – जेम्स वॅट’ असे त्याने म्हटले, तेव्हा थॉमस न्यूकमनचे इंजिन १७१२ सालीच खाणीतले पाणी उपसू लागले होते आणि वॅटने १७६९ मध्ये पेटंट घेतले ते वाफ वेगळ्या पात्रात थंड करून कोळसा वाचवण्याच्या युक्तीचे, असे मी त्याला सांगितले. वहीत तसे लिहिलेले नाही, एवढेच उत्तर मिळाले. त्याला मी दोष देत नाही. यंत्र चालताना पाहिल्याखेरीज हा फरक कोणाच्याही ध्यानात राहणे कठीण आहे.

मी नागपुरातील एका कापड गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, २२ वर्षे काम केले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली, कारण कापूस जवळ होता आणि १८६७ मध्ये रेल्वेही नागपूरपर्यंत पोहोचली होती. या गिरणीने १८८० च्या दशकातच रिंग फ्रेम ही सूत कातण्याची यंत्रे बसवली, हे मात्र आपल्या शहरात फारसे कोणी सांगत नाही. रिंग फ्रेमची मूळ कल्पना अमेरिकेतील जॉन थॉर्प यांची, १८२८ सालची. तरीही इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा भर पुढे कित्येक दशके म्यूल या जुन्या कताई यंत्रावरच राहिला. म्यूलची गाडी बाहेर येताना धागा ताणला व पिळला जातो आणि ती आत जाताना चातीवर (फिरत्या दांडीवर) गुंडाळला जातो, म्हणजे पीळ भरताना गुंडाळणी थांबलेली असते. रिंग फ्रेमवर चातीभोवती पोलादी कडे असते, त्या कड्यावर ट्रॅव्हलर नावाची नखाएवढी अंकडी धाग्याच्या ओढीने फिरत राहते, आणि पीळ बसणे व बॉबिनवर सूत चढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, न थांबता होतात. म्यूलला मुरलेला कारागीर लागे. रिंगचा साचा शेतीतून आलेला माणूसही थोड्या दिवसांत सांभाळू लागे. ती अंकडी झिजली की धागे तुटू लागत, आणि एका बाजूचे सांधून होईपर्यंत दुसऱ्या बाजूला तुटलेले दिसत. त्या इवल्याशा तारेवर किती कुटुंबांचे पोट अवलंबून होते, हे मी रोज पाहिले आहे.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर आता मॉल उभा आहे. आमच्या खात्यातील साचे मोडीत जाताना मी पाहिले. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथे मुले इंजिनाला हात लावून पाहतात. ज्या गिरण्यांवर हे शहर वाढले त्यांचा एक चालता साचा मात्र कुठे ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. रमण विज्ञान केंद्रात किंवा महानगरपालिकेच्या एखाद्या जागेत एक रिंग फ्रेम, एक माग आणि सरकी काढणारे एक जिन अशी तीन यंत्रे चालू स्थितीत बसवावीत, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. ही यंत्रे चालवता येणारे माझ्या पिढीतले कामगार आता थोडेच उरले आहेत, म्हणून यात उशीर होऊ नये. साचा बसवला गेल्यास तो चालवून दाखवायला मी दर रविवारी विनामोबदला येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त गिरणी कामगार, नागपूर