सूर सोडायला शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही यायला नको, अशी अट आपण घातलीत, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे. कॅम्पातील ज्या चर्चमध्ये आपण ऑर्गन वाजवता, तेथील मंडळीला हे कोणाविषयी आहे ते सांगावे लागणार नाही, आणि इतरांना नाव कळून विशेष काही साधणारही नाही. पुण्यात पियानो शिकणारी मुलेमाणसे मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी फार थोड्यांना पाइप ऑर्गनच्या बाकावर बसायला मिळते. मला ते मिळाले आपल्यामुळे. तेव्हा आभार खासगीत न उरकता चारचौघांत मानावेत, असे मनाने घेतले.

वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करते. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की बहुतेकांना संगीत नाटकाच्या साथीचा, पायांनी भाता चालवायचा ऑर्गन आठवतो. त्या वाद्यात पेटीसारखेच पितळी रीड वाऱ्याने कंप पावतात आणि पायांकडे केवळ हवा पुरवण्याचे काम असते. पाइप ऑर्गनात हवेची सोय विजेवरचा ब्लोअर करतो, सूर लाकडी किंवा धातूच्या नळ्यांतून उमटतो, आणि मोकळ्या झालेल्या पायांना वाजवण्यासाठी स्वतःच्या पट्ट्या मिळतात, साधारणपणे ३० किंवा ३२. हातांसाठी आपल्या चर्चच्या ऑर्गनला एकावर एक अशी दोन मॅन्युअल, म्हणजे हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, आहेत. नळ्यांचा प्रत्येक संच एकेका स्टॉपने चालू किंवा बंद होतो, आणि स्टॉपवरचा आकडा सर्वांत खालच्या ‘सी’ स्वराच्या उघड्या नळीची लांबी फुटांत सांगतो. ८ फुटी स्टॉप लिहिल्याप्रमाणे वाजतो, ४ फुटी एक सप्तक वर आणि १६ फुटी एक सप्तक खाली.

हे सारे आपण पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात सांगून बाजूला ठेवलेत, आणि मग जे सुरू केलेत ते अजून संपलेले नाही: सूर सोडायचा कसा.

पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून सूर विरू लागतो. त्यामुळे वादकाचे बहुतेक कसब आघातात एकवटलेले असते; सुराचा शेवट पुष्कळदा तार स्वतःच करते, आणि जे काही उघडे राहते त्यावर उजव्या पायाखालचे पेडल पांघरूण घालते. ऑर्गनमध्ये पट्टी खाली आहे तोवर नळी त्याच ताकदीने बोलत राहते. जोराने दाबल्याने सूर मोठा होत नाही आणि हळुवार दाबल्याने नाजूकही होत नाही. स्वेल बॉक्सची, म्हणजे काही नळ्या ज्यात बंद असतात त्या पेटाऱ्याची, झडपा पायाने उघडून आवाज वाढवता येतो हे खरे, पण तो त्या पेटाऱ्यातल्या सगळ्याच सुरांचा एकदम वाढतो. एखाद्याच सुरावर वजन द्यायचे असेल तर त्याचा उपयोग नाही. मग ताल, वजन, वाक्याचा आरंभ आणि विराम हे सगळे श्रोत्याला कळायचे कशावरून? आधीचे बोट कधी उचलले यावरून. महत्त्वाच्या सुराच्या आधी केसभर जागा सोडली की तो सूर कानाला वजनदार वाटतो, आणि ती जागा भरून टाकली की तोच सूर गर्दीत हरवतो.

यासाठी आपण फ्लूट नावाचा एकच ८ फुटी स्टॉप चालू करून, एका हाताने, पाच सुरांची ओळ वाजवायला सांगितलीत. वर्षानुवर्षे सोनाटा वाजवलेल्या माणसाला असे सांगितले तर त्याचा मानभंग होऊ शकतो, याची आपल्याला कल्पना असावी, कारण आपण ती ओळ आधी स्वतः वाजवून दाखवलीत. ती ऐकल्यावर मानभंगाचा प्रश्नच उरला नाही.

पुढे आपण बोटांची अदलाबदल शिकवलीत: पट्टी तिसऱ्या बोटाने दाबायची आणि ती खाली असतानाच, आवाज न तुटता, पाचव्या बोटाच्या हवाली करायची, म्हणजे तिसरे पुढच्या सुरासाठी मोकळे होते. पियानोवादकाला ही युक्ती अपरिचित नसते, परंतु पेडलचा आधार असल्यामुळे तिची गरज क्वचित पडते. ऑर्गनवर ती पदोपदी लागते. बेल्जियमचे ऑर्गनवादक लेमन्स यांनी १८६२ मध्ये आपली ऑर्गनवादनाची पद्धती छापली आणि अखंड जोडून वाजवण्याची ही शिस्त त्यांच्या शिष्यांमार्फत फ्रान्समध्ये रुजली. त्याआधीच्या, विशेषतः अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संगीताला मात्र सूर किंचित सुटे ठेवणेच मानवते, हे सांगताना आपण दोन्ही प्रकार लागोपाठ वाजवून दाखवलेत आणि ‘कोणते बरोबर’ हा माझा प्रश्न ‘कोणाचे संगीत आहे’ या प्रश्नाने परतवलात. एकच पद्धत सर्वत्र लावणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत. तसे करणे सोपे असते, शिकणाऱ्याला निश्चिंतही वाटते, पण मला ते कधी पटले नाही.

पायांविषयी लिहायचे तर आधी पादत्राणांविषयी लिहावे लागेल. रबरी तळव्याचे बूट पट्टीवर अडकतात आणि सपाट चपलेत टाच वापरता येत नाही. आपण सांगितल्याप्रमाणे कातडी तळव्याचे, लहान टाचेचे जुने बूट शोधून ते चर्चमध्येच ठेवले, म्हणजे रस्त्यावरची खडी पट्ट्यांवर जात नाही. खाली न पाहता पट्टी शोधायची तर वरच्या काळ्या पट्ट्यांच्या दोन गटांमधली मोकळी जागा पायाने चाचपायची, हेही लवकर अंगवळणी पडते. खरी झुंज पायांशी नसून डाव्या हाताशी असते. पियानोवर खर्जाची मालकी डाव्या हाताकडे असते. चार आवाजांचे (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर आणि खर्ज) गीत ऑर्गनवर आले की खर्ज पायांकडे जातो आणि डाव्या हाताने केवळ टेनर सांभाळायचा असतो. पण पाय खाली उतरले की डावा हात सवयीने त्यांच्या मागे उतरू पाहतो. यावर आपला उपाय कठोर होता. वरची चाल पूर्ण वर्ज्य करून केवळ डावा हात आणि पाय वाजवायचे, तेही टेनरची ओळ तोंडाने गात. चाल ऐकू येत नसल्यामुळे हा सराव अत्यंत नीरस वाटतो, आणि माझ्या मते या वाद्याकडे वळणाऱ्या प्रत्येक पियानोवादकाने तो बाकी सर्व सरावांच्या आधी करावा.

या शिक्षणाचा सर्वांत मोठा आनंद जर्मन संगीतकार बाखच्या ‘ऑर्गेलब्यूखलाइन’ने दिला. या संग्रहात ४६ कोराल प्रील्यूड, म्हणजे चर्चगीतांच्या चालींवर बांधलेल्या छोट्या रचना, आहेत, आणि नवशिक्या ऑर्गनवादकाला पायांच्या पट्ट्यांवर प्रभुत्व मिळावे हा त्याचा एक हेतू असल्याचे बाखने शीर्षकपृष्ठावरच नमूद केले आहे. त्यातला ‘इश रूफ त्सू दिअर’ हा एफ मायनरमधील तुकडा मी पियानोवादक-संगीतकार बुसोनीने पियानोसाठी केलेल्या रूपांतरात अनेकदा वाजवलेला होता. तिथे चाल, मधली वाहती ओळ आणि खर्जाचे चालते सूर हे तिन्ही दोनच हातांत मावतात. चाल वर तरंगावी म्हणून उजव्या हाताची बोटे वजनाने तोलावी लागतात आणि मधला आवाज सतत दाबून ठेवावा लागतो. मूळ रचना ऑर्गनवर घेतली तेव्हा ही सगळी मेहनत अनावश्यक ठरली. उजव्या हाताला एक मॅन्युअल, डाव्याला दुसरे, खर्ज पायांत. चालीचा रंगच निराळा असल्यामुळे तिला वर उचलण्याची गरज उरली नाही. उलट एक नवी जबाबदारी आली. पियानोवर मंद होत जाणारा चालीचा लांब सूर येथे अखेरपर्यंत तसाच राहतो, तेव्हा त्याचा शेवट डाव्या हाताच्या नेमक्या कोणत्या सुरावर करायचा हे ठरवावेच लागते. आपण ते शिसपेन्सिलीने खुणा करून मला ठरवायला लावलेत आणि स्वतःच्या प्रतीतील खुणा मात्र शेवटपर्यंत दाखवल्या नाहीत.

मी वाजवत असताना आपण कधीच शेजारी उभ्या राहिला नाहीत. थेट मागच्या बाकावर जाऊन बसायचात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीस मीटर दूर बसलेल्या माणसापर्यंत सूर पोहोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो आणि त्याचे गाणे वादकाकडे परत यायला पुन्हा तेवढाच. त्यामुळे मंडळी मागे पडते आहे असे वादकाला वाटते, तो तिच्यासाठी थांबतो, मग मंडळी आणखी थांबते, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत रेंगाळू लागते. परत येणाऱ्या आवाजाची वाट न पाहता, मनात गात, आपल्या लयीने पुढे जायचे, ही आपली शिकवण मला आरंभी उर्मटपणाची वाटली होती. रविवारी मंडळी भरलेली असताना आपल्याला वाजवताना ऐकले आणि शंका फिटली.

सूर सोडण्याच्या धड्याचा अर्थही तिथेच पुरता उलगडला. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही, गाणाऱ्याला लागतो. ओळीअखेर बोटे वेळेवर उचलली तरच मंडळीला श्वास मिळतो, आणि सर्वजण एकदम घेतात. इंग्रजी उपासनेत ही जागा बहुधा चालीच्या ओळीबरोबर येते. परंतु त्याच चालीवर मराठी शब्द बसवले की अर्थाचा विराम काही कडव्यांत ओळीच्या मध्येच पडतो. म्हणून आपण गीतांच्या वहीत प्रत्येक कडव्याखाली वेगळ्या खुणा केल्या आहेत, आणि वाजवण्याआधी मला सर्व कडवी मोठ्याने वाचायला लावता. सोप्रानोत एकच सूर पुन्हा आला तर तो तोडायचा, आल्टो आणि टेनरमध्ये आला तर शक्यतो बांधून ठेवायचा, हा आपला नियमही शेवटी गाणाऱ्याच्याच सोयीचा: ताल वरून कळतो आणि खालचा आधार हलत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे आली की आपण ब्लोअर बंद करता आणि हात मांडीवर ठेवता. त्या चालींना पेटी आणि तबला पुरेसे आहेत; त्यांच्याखाली चार आवाजांची भिंत उभी केली तर मींड आणि शब्द दोन्ही गुदमरतील. एवढे मोठे वाद्य हाताशी असताना ते न वाजवण्याचा हा विवेक मी आपल्याकडून घेतला, आणि तो मला पियानोच्या साथीतही उपयोगी पडत आहे.

चर्चचे पाळक आणि सरावाच्या दिवशी कुलूप उघडून देणारे काका यांचेही आभार येथेच मानते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि ब्लोअरच चालत नाही, म्हणून काकांनी माझ्यासाठी मंगळवारची दुपार मोकळी केली. उन्हाळ्यात रीडचा स्टॉप (पाइप ऑर्गनातही काही नळ्यांच्या तळाशी रीड असतो) बेसूर झाला असे मी म्हणाले, तेव्हा हवा तापली की साध्या नळ्याच वर चढतात आणि रीड जवळपास जागच्या जागी राहतात, हे काकांनीच मला समजावले. ते स्वतः काही वाजवत नाहीत. इतकी वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाताखाली उभे राहून त्यांनी ते टिपले आहे.

नाताळच्या उपासनेतील दोन गीते मी वाजवावीत, असे आपण सुचवले आहे. तयारी सुरू आहे. शेवटच्या कडव्याला मिक्स्चर हा झगझगीत उंच सुरांचा स्टॉप जोडावा की प्रिन्सिपल या ऑर्गनच्या मूळ आवाजाच्या स्टॉपवरच थांबावे, याचा निर्णय माझ्याच्याने बाकावरून होत नाही. चर्च भरलेले असताना तो आवाज मागे कसा पोहोचतो हे आपणच सांगू शकाल. तेव्हा त्या आधीच्या एखाद्या रविवारी उपासनेनंतर थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
कोथरूडची विद्यार्थिनी