छेदात कोण आहे?

बाल्टिमोर,
सप्टेंबर, शनिवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी मी नोकरी सोडून फेलोशिप, म्हणजे दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, घेतल्याचं सांगितलं आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिलात. आईने जेवलीस का विचारलं, पावसाचं सांगितलं, आणि फोन संपला. तुमचं ते "बरं" मला चौथीपासून ठाऊक आहे. गणितात मार्क गेले की तुम्ही कधी रागावला नाहीत, "बरं" म्हणायचात आणि मी रात्रभर जागी राहायची. परवाही जागीच राहिले. म्हणून हे पत्र. फोनवर हे मला नीट सांगता येणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी प्रश्न मला ऐकू आलेच. चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी कशाला? एवढा पगार सोडून? आणि दोन वर्षांनी ही होणार तरी कशाची स्पेशालिस्ट?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण शेजारचे काकाही तेच विचारणार. कशाचीच नाही. माझ्याबरोबर रेसिडेन्सी, म्हणजे आपल्याकडच्या एम.डी.सारखं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, केलेले काहीजण तीन वर्षं कार्डिओलॉजी शिकले, बोर्डाची परीक्षा दिली, पाटीवर नवीन शब्द आला. माझ्या फेलोशिपनंतर परीक्षा नाही आणि पाटीवर काही वाढणारही नाही. मी जनरल मेडिसिनचीच डॉक्टर राहणार. फरक एवढाच, की अख्ख्या माणसाला बघणाऱ्या डॉक्टरांनी संशोधन कसं करायचं आणि पुढच्या डॉक्टरांना कसं शिकवायचं, हे इथे दोन वर्षं बसून शिकवतात. हृदयाचे, मूत्रपिंडाचे प्रश्न शोधणारे मोठमोठे विभाग आहेत. पण मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि एकटेपणा हे सगळं एकाच म्हातारीला आहे, तिचं काय करायचं हा प्रश्न कुठल्याच अवयवाचा नाही. तो विचारणाऱ्या डॉक्टरांनी अमेरिकेत १९७८ मध्ये स्वतःची संघटना काढली, १९८६ पासून स्वतःचं नियतकालिक चालवलं. त्यांच्याच हाताखाली मी आले आहे.

आठवड्यातून एक अर्धा दिवस ओपीडी, वर्षातले काही आठवडे वॉर्डात रेसिडेंट मुलांना शिकवायचं, उरलेला वेळ वर्ग आणि स्वतःचं संशोधन. एपिडेमिऑलॉजी (आजार लोकांमध्ये कसे पसरलेत ते मोजण्याचं शास्त्र) आणि बायोस्टॅटिस्टिक्स (वैद्यकातलं संख्याशास्त्र) सुरू झालंय. काल रात्री अकरापर्यंत गृहपाठ करत होते. आई, तू असतीस तर दूध आणून ठेवलं असतंस.

आता बाबा, खास तुमच्यासाठी.

दर बुधवारी आम्ही सगळे फेलो एका टेबलाभोवती बसतो. एकाने आपला प्रश्न मांडायचा, बाकीच्यांनी तो तपासायचा. माझी पाळी आली तेव्हा मी तयारीने गेले होते. आधीच्या नोकरीत मी तीन वर्षं हॉस्पिटलात दाखल झालेल्यांनाच बघत होते. बरं वाटलं की डिस्चार्ज, हातात औषधांची यादी, नवा पेशंट. त्यातली एक आजी माझ्या मनातून जात नाही. हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे हृदयाची ताकद कमी पडत होती. मी घरी पाठवल्यावर सोळाव्या दिवशी ती परत आली, पायांना सूज, धाप लागलेली. पिशवीतून तिने डब्या काढल्या. आम्ही बंद केलेली गोळी ती घेत होती आणि नवी सुरू केलेली तिने आणलीच नव्हती. यादी माझ्याच सहीची होती. ती घरी कोणाला वाचता येईल का, हे मी विचारलं नव्हतं.

म्हणून मी टेबलावर मांडलं, की डिस्चार्जनंतर ओपीडीत आलेल्या पेशंटांना औषधांची यादी किती कळते ते मोजायचं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, "ओपीडीत आलेल्या. आणि जे आलेच नाहीत ते?"

बाबा, मला त्या क्षणी तुमचा खडू दिसला. "मुलं अंशाकडे बघतात आणि छेद विसरतात." फळ्यावर रेघ ओढून तुम्ही तिच्याखाली जोरात टिंब मारायचात. मी तेच केलं होतं. दारात आलेल्यांनाच मी सगळे पेशंट समजले होते.

इथल्या वयस्कांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून २००९ मध्ये एक अभ्यास छापून आला. सुमारे १ कोटी १८ लाख लोक हॉस्पिटलातून घरी गेले, त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा महिन्याभरात परत भरती झाला. शस्त्रक्रियेशिवाय औषधोपचार घेऊन घरी जाऊन परत आलेल्यांपैकी निम्म्यांच्या नावावर मधल्या काळात डॉक्टरांच्या भेटीचं एकही बिल नव्हतं. म्हणजे माझा ओपीडीतला अभ्यास त्यांना कधी भेटलाच नसता. आता मी प्रश्न बदललाय. डिस्चार्ज झालेल्या प्रत्येकाला आधी फोन, जमलं तर घरी भेट, आणि मग मोजणी.

हे तुम्हाला परकं वाटू नये म्हणून सांगते. मी जिथे वर्गाला जाते, त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीला गेले. राणीताईंनी दवाखान्यात येणाऱ्या बायकांवर विसंबून न राहता दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तशी तपासणी फक्त ८ टक्के बायकांची झाली होती. १९८९ मध्ये ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. मिरजेला शिकताना हे आकडे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. आज कळतं की त्यांनी आधी छेद पूर्ण केला.

मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण हे शिकल्याशिवाय मला परत नुसत्या डिस्चार्जच्या सह्या करता येणार नाहीत, बाबा. खरंच नाही येणार.

पैशाचं स्पष्ट लिहिते. हातात पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी येणार. ही सरकारी शिष्यवृत्ती आहे, फक्त नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, म्हणून गेल्या वर्षी कार्ड येईपर्यंत मी अर्जच करू शकत नव्हते. आपल्याकडच्या बाँडसारखी अटही आहे. पहिल्या वर्षाची परतफेड संशोधन किंवा शिकवणं करून करायची, पण दुसरं वर्ष इथेच पुरं केलं की ती फिटते. पुढे पाच वर्षांपर्यंतचं एक अनुदान असतं, त्यात तीन-चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखून मिळतो. ते मिळेलच असं नाही. मिळालं नाही तर शिकवायची नोकरी शोधेन, शिवाय हॉस्पिटलची नोकरी कधीही आहेच.

वाड्याच्या छपराचे अर्धे पैसे बँकेत बाजूला ठेवलेत, ऑक्टोबरअखेर पाठवते. उरलेले मार्चमध्ये. पावसाळ्याआधी काम होईल एवढं मी बघेन, त्यासाठी तुम्ही पेन्शनला हात लावायचा नाही. दिवाळीला येणं जमत नाही, तेव्हा वर्ग चालू असतात. डिसेंबरात तीन आठवडे येते.

तोवर एक काम करा. बिस्किटांच्या डब्यातल्या बाबांच्या सगळ्या गोळ्या सतरंजीवर मांडा, बंद केलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या स्ट्रिपासुद्धा. आई, तू प्रत्येकीचं नाव आणि बाबा ती खरोखर कधी घेतात ते वहीत लिही. डॉक्टरांनी सांगितलेलं नको, खरं लिही. मग फोटो पाठव. सांगलीचे डॉक्टर वेगळे, मिरजेचे वेगळे, आणि डोळ्यांचे तिसरेच. सगळं एका कागदावर कुणीच पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही.

रविवारी फोन करते. बाबा, या वेळी तुम्ही घ्या.

तुमची,
मनू