बाबा, तुमच्या नानांबद्दल आणि मी दिलेल्या साक्षीबद्दल

पुणे,
२३ मार्च २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा मध्येच तोडतात आणि आई ‘जाऊ दे ना’ म्हणते, म्हणून लिहायला बसले. आई, तूच मोठ्याने वाच. बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

आधी मुद्द्याचं सांगते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने एका वरिष्ठांविरुद्ध अंतर्गत तक्रार समितीकडे लैंगिक छळाची लेखी तक्रार केली आहे. त्यात मी साक्ष दिली. देऊन झाली, सहीसुद्धा केली. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलले, ऐकीव काही घातलं नाही. नावं विचारू नका, कायद्याने ती बाहेर सांगता येत नाहीत.

ते वरिष्ठ सगळ्यांचे लाडके आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात निवेदन त्यांचंच, निरोप समारंभात गाणंही त्यांचंच. करोनात आमच्या शिपाईमामांना बेड मिळावा म्हणून रात्रभर फोन करत होते. हे सगळं खरं आहे, मी ते समितीसमोरही सांगितलं. पण बातमी फुटली तेव्हा कँटीनमध्ये जी वाक्यं ऐकली, ती मी आधी आपल्याच घरात ऐकली होती. २०१८ च्या दसऱ्याच्या सुमारास, टीव्हीसमोर.

बाबा, आठवतंय ना? ती अभिनेत्री, तनुश्री दत्ता, नाना पाटेकरांनी छळ केला असं बोलली आणि तुम्ही म्हणालात, “दहा वर्षं कुठे होती ही?” आपलं केवढं वाजलं तेव्हा! आईने भाजी गॅसवरच ठेवून मध्ये पडायचं, हे ठरलेलंच.

तुमचं नानांवरचं प्रेम मला कळतं. माणूस मुरूड-जंजिऱ्याचा, साधा राहणारा, तोंडावर बोलणारा. २०१५ च्या दुष्काळात मकरंद अनासपुरेंना बरोबर घेऊन ‘नाम’ ही संस्था उभी केली, मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या हातात मदत दिली. त्या वर्षी आपल्याकडे काय अवस्था होती ते मी विसरलेले नाही. त्यानंतर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वेळी जो धावून आला त्याच्याविरुद्ध कुणी बोललं की आपल्याच घरातल्यावर कुणी हात टाकल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पण बाबा, ती दहा वर्षं गप्प नव्हती. २००८ मध्ये एका गाण्याच्या चित्रीकरणाच्या वेळचा तो आरोप, आणि त्याच वर्षी तिने कलाकारांच्या संघटनेकडे, ‘सिंटा’कडे, तक्रार केली होती. सेटबाहेर तिच्या गाडीवर हल्ला झाला, त्याची चित्रफीत २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिली. आणि ‘सिंटा’नेच तेव्हा कबूल केलं की २००८ ला दिलेला निर्णय योग्य नव्हता, लैंगिक छळाच्या मूळ तक्रारीला हातच घातला गेला नव्हता. म्हणजे ती कुठे होती, या प्रश्नाचं उत्तर कागदावर होतं. ते कुणी मागितलंच नाही.

नानांनी आरोप फेटाळले, आजही फेटाळतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. तिने ओशिवरा पोलिसांत तक्रार दिली. जून २०१९ मध्ये पुरावा मिळाला नाही म्हणून पोलिसांनी ‘बी-समरी’, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल दिला. आणि आता या महिन्यात अंधेरीच्या कोर्टाने, तक्रार करायची तीन वर्षांची मुदत कधीच संपली होती म्हणून दखल घ्यायला नकार दिला. परवा तुम्ही फोनवर “बघ, सुटले” म्हणालात. बाबा, कोर्टाने मुदतीचं सांगितलं. घटना खरी की खोटी, यात ते गेलंच नाही. म्हणून मी त्यांना दोषी म्हणत नाही. २०१८ मध्ये पहिल्याच दिवशी त्यांना गुन्हेगार ठरवून मोकळे झालेले लोकही मला आवडले नव्हते. पण तिला खोटारडी, प्रसिद्धीसाठी आलेली असं म्हणायलाही आपल्याकडे काही आधार नाही. दुष्काळातली मदत खरी आहे, तिने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आमच्या त्या मुलीने घरी अजून काही सांगितलेलं नाही. का, तर तिच्या वडिलांनी असंच एका नटाच्या बातमीवर जेवताजेवता जे म्हटलं, ते तिच्या डोक्यात बसलंय. बाबा, ईशाही त्या संध्याकाळी आपल्याकडेच होती, सोफ्यावर, गृहपाठ करत. तुम्ही तिला काहीच म्हणाला नाहीत, पण तिने ऐकलं. ती आता कॉलेजात जाते. उद्या तिला काही सांगायचं झालं तर तिने आधी तुमच्याकडे यावं, एवढंच मला हवंय. मला सायकल शिकवताना पडले की तुम्ही आधी “लागलं का?” विचारायचात, कसं पडलीस ते नंतर. तसंच तिलाही विचाराल, हे मला माहीत आहे.

आता काळजीचं. माझी नोकरी जाणार नाही. साक्षीदाराला त्रास दिला तर तीही समितीकडे तक्रार होऊ शकते, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समितीत बाहेरच्या एक अनुभवी बाई आहेत, फार शांतपणे ऐकून घेतात. घराचे हप्ते वेळेवर जाताहेत. समीर माझ्या बाजूने आहे, डबाही तोच भरतो सध्या. आणि आत्याच्या वेळी झालं तसं काही होणार नाही. आई, तू लगेच तिथेच जाशील म्हणून मुद्दाम लिहितेय.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच. पुढे ढकलायचा विषय काढू नकोस. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, पलंगही उंच घेतलाय, तुला वाकावं लागणार नाही. बाबांना सकाळी लागणारी आकाशवाणी इथे नीट लागते, मी लावून पाहिली. ज्वारीचं पीठ मात्र तिकडूनच आणा, इथलं आईला आवडत नाही.

बाबा, बीपीची गोळी रोज घ्या, ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. हे पत्र कट्ट्यावर कुणाला दाखवू नका. काकांनाही नाही. रात्री नऊच्या चर्चा बघणं बंद करा, त्याने तुमची झोप जाते. आई, तू त्यांच्या वाटचं मीठ कमी करतेस असं म्हणतेस, पण लोणच्याची बरणी टेबलावरच असते, ती उचल.

राग आला असेल तर मला फोन करा, मी पूर्ण ऐकून घेईन. आईवर काढू नका. आणि शनिवारच्या गाडीची तिकिटं काढली का ते कळवा, नाहीतर मीच काढते.

तुमची,
मनू