टेकनच्या गार्यु रँकवर अडकलेल्या मित्रास

जुळे सोलापूर

प्रिय विक्या,

‘टेकन ८ विकून टाकतो, हा मारामारीचा गेम माझ्याच्यानं होत नाही’ हा तुझा मेसेज वाचला. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू पाठवलेले रिप्ले थांबवून थांबवून बघितले. कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, चोख आहेत रे तुझे, हात छान बसलाय. पण कॉम्बो लावायला आधी समोरचा हवेत जायला हवा ना! तू मार खातोस तो ब्लॉक केल्यानंतर. समोरच्यानं हॉपकिक, म्हणजे उडी घेऊन हवेत उडवणारी लाथ, मारली, तू नीट अडवलीस, आणि मग नुसता उभा राहिलास. बहुतेक कॅरेक्टरांची हॉपकिक अडवली की मारणारा तुझ्यापेक्षा १३ फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) उशिरा सावरतो. साधा जॅब, म्हणजे झटपट पंच, १० फ्रेममध्ये लागतो. म्हणजे तिथं डावा-उजवा पंच मारलास तर त्याला काही करताच येत नाही. हे हक्काचे फटके तू प्रत्येक राउंडला सोडतोयस.

रिअ‍ॅक्शन कमी पडते म्हणतोस. हिशेब कर की. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो. डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे झाल्या १५ फ्रेम. १० फ्रेमचा जॅब बघून कोणीच अडवत नाही, मोठे खेळाडूसुद्धा नाहीत. इथं काय येणार हे ते ओळखून असतात. तेव्हा वय झालं वगैरे डोक्यातून काढ. ब्लॉकनंतरचं उत्तर तर आधीच ठरलेलं असतं. तिथं पाठांतर लागतं.

आता एवढंच कर. हरलेली मॅच रिप्लेत उघड. तो क्षण आला की तिथूनच खेळ आपल्या हातात घेता येतो, आणि काय मारायला हवं होतं तेही गेम दाखवतो. एका आठवड्याला एकच गोष्ट घे. आधी हॉपकिक. मग किंग या कॅरेक्टरचे थ्रो, म्हणजे पकडून आपटणं. त्यातून सुटायला त्याचा पुढं येणारा हात बघायचा, डावा आला तर डाव्या पंचचं बटण, उजवा तर उजवा, दोन्ही आले तर दोन्ही. आणि वाय-फाय सोड, केबल टाक. झटके बसत असले की टायमिंग हातात बसतच नाही.

पाकिस्तानातल्या लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये इव्हो जपान आणि लास वेगासची इव्हो, या फाइटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकला. तोवर टेकन म्हणजे कोरिया आणि जपान असंच सगळे धरून चालायचे. त्याच वर्षी कोरियाचा नामांकित खेळाडू ‘नी’ (Knee) मुद्दाम पाकिस्तानात खेळायला गेला, तर तिथल्या पोरांनी त्यालाही हरवलं! ती पोरं एकमेकांसमोर बसून खेळत तयार झालीत, माझा यावर फार विश्वास आहे.

आम्हीही रविवारी सात रस्त्याजवळ एका मित्राच्या खोलीवर जमतो. हरलं की तिथल्या तिथं विचारता येतं, ‘ती लो (पायाकडचा फटका) कशी अडवलीस बे?’ मग तो प्रॅक्टिस मोड लावतो, तीच मूव्ह पुन्हा पुन्हा टाकतो आणि मारणाऱ्याचा खांदा खाली गेला की खाली वाक म्हणून सांगतो. ऑनलाइनवाला जिंकून निघून जातो, तुला काय कळणार?

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येणारच आहेस, तर दोन दिवस जास्तीची रजा टाक आणि कंट्रोलर बॅगेत घे. तोवर गेम विकू नकोस. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आई बांधून देणारच आहे.

तुझाच,
नितीन